परसातल्या रातांब्याची (कोकमाची) कलमं घरीच बांधायची आहेत

व्हाळाकाठची
नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वराकडे. मागे व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला रातांब्याची जुनी झाडं आहेत, त्यातलं एक अगदी वेगळं. फळ मोठं, साल जाड, त्या सालीची सोलं वाळली तरी मांसल राहतात. आगळ (मीठ घातलेला रातांब्याचा रस) करताना सासूबाई त्यात दुसऱ्या झाडाचा एक रातांबा मिसळू देत नाहीत. पण व्हाळाकडची माती दर पावसाळ्यात ढासळते, झाडाची मुळं उघडी पडलीत. ते जायच्या आत वरच्या वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत त्याची दहा-बारा झाडं करायची आहेत.

झाडाखाली बियांची रोपं भरपूर उगवतात. तीच उचलून लावू की कलमं करू? आंब्याची कोय कलमं मी बांधते, हात बसलेला आहे. गुटी, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं कलम, चालेल का? आणि कृपा करून ‘नर्सरीतून आणा’ सांगू नका, मला हेच झाड हवंय.

खुंटवाला
ताई, रोपं तशीच वाढवू नका. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांची साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि ते फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. म्हणजे सहा-सात वर्षं शेणखत घालायचं आणि मग कपाळाला हात लावायचा. मादी निघाली तरी फळ आईसारखंच येईल याचा भरवसा नाही.

मात्र तीच रोपं खुंटासाठी, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या भागासाठी, उत्तम. पिशवीत भरा, वर्षभराची होऊन पेन्सिलीएवढी झाली की शेंड्याच्या कोवळ्या भागावर पाचर कलम करा, म्हणजे खुंटाला चीर देऊन त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवा. काडी (तुमच्या त्या झाडाच्या फांदीचा तुकडा) बोटभर-दीड बोट लांब, खुंटाच्याच जाडीची, पाचर ४-५ सेंमी. कोय कलम बांधणाऱ्याला यात नवीन काही नाही. फरक एवढाच की काप घेतल्यावर पिवळा चीक येतो. तो पुसायचा आणि लगेच काडी बसवून पट्टी आवळायची. वरून पेप्सीकोल्याची रिकामी पिशवी टोपीसारखी चढवा, ओल टिकते. कोंब फुटून पिशवीला टेकला की काढून टाका.

खरी मेख काडीत आहे. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीचीच घ्या. बगलफांदीची काडीही जगते, फळंही धरते, पण झाड उभं राहतच नाही, भोपळ्याच्या वेलासारखं आडवं पसरत जातं. स्वस्तातली कलमं आणून फसलेले लोक मी बरेच पाहिलेत.

माडाखाली
गुटीच्या फंदात पडू नका. मुळं धरलीच तरी सोटमूळ नसतं, उतारावरच्या वरकस जमिनीत असं झाड पहिल्या वादळात आडवं. खड्डे ६० सेंमीचे, अंतर ६ मीटर. आमची माडांच्या सावलीत आहेत, तिथेही छान चालली आहेत.

व्हाळाकाठची
खुंटवाले दादा, ही बगलफांदीची गोष्ट आंब्यात कधी ऐकली नव्हती! पण पंचाईत अशी की आमच्या झाडाच्या हाताशी लागणाऱ्या सगळ्या फांद्या आडव्याच आहेत. उभा फक्त शेंडा, आणि तिथे चढायला घरातलं कोणी तयार नाही.

खुंटवाला
चढायची गरज नाही. रातांबे उतरून झाले की खालची एखादी जाड फांदी हातभर ठेवून छाटा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. तिथून सरळ वर धावणारे पाणकोंब फुटतात. त्यातले जून झालेले, हिरवे-तपकिरी कोंब काडीला घ्या. फांदी एकच छाटा हां, झाड म्हातारं आहे. आणि मुळांशी आधी दगडाची ताल (बांध) घाला, नाहीतर काड्या तयार व्हायच्या आत झाड व्हाळात.

जुना_बागायतदार
एक राहिलं. सगळी कलमं मादी झाडाची म्हटल्यावर परागाचं काय? दापोली विद्यापीठाची ‘कोकण हातीस’ ही जात मादीच आहे, तिच्याबरोबरही नर झाडं लावायला सांगतात. दहा-बारा कलमांना एक नर पुरे. व्हाळाकाठी फुलून फळ न धरणारं झाड असेलच, जळणाला तोडू नका. वरकस जमीन तिथून लांब असेल तर त्याचीही एक काडी बांधा, आणि त्या पिशवीला आत्ताच खूण करून ठेवा.

व्हाळाकाठची
आहे ना! सासरे दरवर्षी कुऱ्हाड घेऊन त्याच्याकडेच बघतात. आज संध्याकाळीच हा धागा वाचून दाखवते.