सभागृहासाठी जुना मोनोफेजिक डिफिब्रिलेटर घ्यावा का?

विश्वस्त, दांडिया बाजार (बडोदे):
गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आमच्या मंडळाच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळींची मोठी गर्दी असते. गेल्या वर्षी ऐन आरतीत एक आजोबा कोसळले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही नुसता वारा घालत बसलो, ही गोष्ट अजून मनाला लागून आहे. आता एक सभासद बंद पडलेल्या शुश्रूषागृहातला, चालू स्थितीतला डिफिब्रिलेटर (बेताल झालेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र) देणगी म्हणून देत आहेत. यंत्र मोनोफेजिक आहे. त्याची धक्क्याची ऊर्जा ठरवायची तबकडी ३६० जूलपर्यंत (जूल हे ऊर्जेचे एकक) जाते, तर नव्या बायफेजिक यंत्रांच्या माहितीपत्रकांत १५० किंवा २०० जूलच दिसतात. मग कमी ताकदीच्या यंत्रासाठी वर्गणी कशाला, असे काहींचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भूलतज्ज्ञ, अलकापुरी:
जूलचा आकडा मोठा म्हणजे धक्का अधिक गुणकारी, हा समज आधी सोडावा लागेल. मोनोफेजिक यंत्रात वीजप्रवाह छातीतून एकाच दिशेने जातो; बायफेजिक यंत्रात तो काही मिलिसेकंदांतच दिशा बदलून उलटा वाहतो. पहिल्या टप्प्यात हृदयाचे बहुतेक स्नायू एकदम उत्तेजित होऊन त्यांची बेताल थरथर थांबते, आणि दुसऱ्या टप्प्यात पेशींवर उरलेला विद्युतभार निघून जातो, त्यामुळे ती थरथर पुन्हा उसळण्याची शक्यता घटते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. शिवाय ही यंत्रे छातीचा विद्युतरोध मोजून त्यानुसार धक्का जुळवून घेतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ११५ रुग्णांच्या एका चाचणीत १५० जूलच्या पहिल्याच बायफेजिक धक्क्याने ९६ टक्के रुग्णांची थरथर थांबली; मोनोफेजिक गटात हे प्रमाण ५९ टक्के होते.

जीवरक्षण प्रशिक्षिका, रावपुरा:
डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्याच चाचणीत रुग्णालयातून घरी परतलेल्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नव्हता, हेही सांगायला हवे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) चार चाचण्या आणि ५५२ रुग्ण एकत्र पाहूनसुद्धा जगण्याच्या प्रमाणाविषयी ठाम निष्कर्ष निघाला नाही. म्हणून केवळ प्रवाह एकाच दिशेने जातो, एवढ्यावरून मी ते जुने यंत्र नाकारले नसते. माझी खरी हरकत वेगळी आहे. ते हाताने चालवायचे आहे: पडद्यावरची हृदयाच्या लयीची रेघ वाचून धक्का द्यायचा की नाही, हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि रेघ सपाट असेल तर धक्क्याचा उपयोग नसतो. आरतीला जमलेल्यांपैकी हे कोण ठरवणार? एईडी, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, छातीला चिकटवलेल्या पट्ट्यांवरून हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज असेल तरच धक्का देते. आज मिळणारी अशी यंत्रे बायफेजिकच असतात. छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे ध्यानात घेऊन वर्गणीबरोबरच निदान वीस कार्यकर्त्यांना दाब द्यायला शिकवावे, असा माझा आग्रह आहे.

विश्वस्त, दांडिया बाजार:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. देणगी नम्रपणे परत करून एईडीसाठी वर्गणी काढण्याचा प्रस्ताव रविवारच्या सभेत मांडतो. यंत्र कार्यालयाच्या कपाटात ठेवावे, असा आमचा विचार होता.

जीवरक्षण प्रशिक्षिका, रावपुरा:
कपाटात ठेवू नये. किल्ली शोधण्यात मिनिटे जातात. मुख्य दाराशी, चपला काढतात त्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असे लावावे, आणि पट्ट्यांची व बॅटरीची मुदत दर महिन्याला एकाच ठरलेल्या माणसाने तपासावी.