मदत हवी आहे: सांगलीचा पिनकोड एकाच वजाबाकीत का थांबतो?

मंडळी,

मुलगी आठवीत आहे. 22 डिसेंबरच्या गणित दिनाला तक्ता करायचाय, विषय कापरेकर. देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा 6174 बहुतेकांना माहीत असेल. चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर परत तेच. सात फेऱ्यांच्या आत 6174 येतोच. पण तोच तक्ता अर्धा वर्ग आणणार, म्हणून हिने सहा अंकी पिनकोड धरले.

सांगली 416416: 664411 − 114466 = 549945. पुढे 995544 − 445599, परत 549945च. एका फेरीत खेळ खलास!

मिरज 416410: 632664, 431766, 631764 आणि तिथेच मुक्काम. (सांगली-मिरजेचं इथंही एकमत नाही.)

साताऱ्याच्या 415001 ने मात्र घाम काढला. 539955, 639954, 650844, 820872, 864432, 629964, 749943, 652644, 420876, मग 851742, 750843, 840852, 860832, 862632, 642654 आणि पुन्हा 420876! कॅल्क्युलेटरवर तपासलं, बरोबर आहे.

तर सांगली एका फेरीत का थांबते? आणि या तीन शेवटांखेरीज चौथा आहे का, की आता कराड-विटा घेऊन बसायचं? आठवीच्या पोरीला पेलेल असं सांगा.

कृष्णाकाठ:
कराड-विट्याला जाऊ नका, चौथा शेवट नाही. सहा अंकांत 549945, 631764 आणि तुम्हाला सापडलेलं सात संख्यांचं चक्र, एवढंच. सगळे अंक सारखे असले तर अर्थात शून्य.

आता सांगली. अंक उतरत्या क्रमाने लावा: 6 6 4 4 1 1. उत्तर तीनच फरकांवर ठरतं: पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा. त्यांना अनुक्रमे 99999, 9990 आणि 900 ने गुणून बेरीज करायची. (99999 म्हणजे एक लाख वजा एक, 9990 म्हणजे दहा हजार वजा दहा, 900 म्हणजे हजार वजा शंभर. स्थानिक किंमत, बाकी काही नाही.) सांगलीचे फरक 5, 5, 0. म्हणून 499995 + 49950 = 549945. आता 549945 चे अंक लावा, 9 9 5 5 4 4. फरक परत 5, 5, 0! हलणार कुठं?

खरी गंमत 416 दोनदा येण्यात आहे. प्रत्येक अंकाची जोडी असल्याने मधला फरक शून्य आणि उरलेले दोन सारखे; ते 5 असले (इथे 6 − 1) की लगेच थांबतं. साताऱ्याचे फरक 5, 4, 0. एका अंकाने हुकलं बघा.

धागाकर्ता:
आत्ता उजेड पडला! म्हणजे 327327 पण लगेच थांबणार? तिला करायला लावलं: 773322 − 223377 = 549945. झकास. अजून एक, 820872 मध्ये चढत्या क्रमात 022788 येतं, तर पुढचं शून्य तक्त्यावर लिहायचं ना?

कृष्णाकाठ:
लिहायचंच. उत्तर पाच अंकी आलं तरी पुढे शून्य लावून सहा अंक पुरे करायचे, नाहीतर पुढची मांडणी बिघडते.