मदत हवी आहे : एकाच स्टाऊटला मी २४ आणि ३६ गुण दिले, चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा गच्चीवर जमून स्टाऊट, पोर्टर अशा डार्क बिअर चाखतो. एका ग्लासात जेमतेम ७० मिली आणि समोर वही. गुणांना बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता धरतो : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकंदर १०. ज्याची ओतायची पाळी, तो त्या दिवशी गुण देत नाही.

परवा ओतणाऱ्याने बाटल्यांना टॉवेल गुंडाळले आणि आम्हाला न सांगता एकच स्टाऊट २ आणि ५ अशा दोन नंबरांनी दिली. २ नंबर थेट फ्रीजमधून आलेली. मी लिहिलं, 'पातळ, नुसती कडू', गुण २४. ५ नंबर ओतून बराच वेळ झाला होता, फेस पार बसलेला. पण नाक जवळ नेलं तर कॉफी, काकवी, आणि घोट गिळल्यावर तव्यावर जरा जास्त भाजलेल्या भाकरीसारखा कडवटपणा मागे राहिला. गुण ३६! नंबर उघडले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आधीच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वासच उडाला.

गारठ्याने वास दबतो, म्हणून स्टाऊट ८ ते १२ अंशांना चाखावी हे माहीत आहे. पण इथल्या उन्हाळ्यात ग्लास १२ अंशांवर टिकतच नाही. पहिल्यापासून शेवटच्या ग्लासापर्यंत तापमान सारखं कसं ठेवता? बर्फाच्या पाण्याची परात करावी का?

दुसरं, एका पोर्टरला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. हा ऑक्सिडेशनचा, म्हणजे बिअरला ऑक्सिजन लागून येणारा दोष, आणि उष्णतेने तो लवकर येतो. बाटली पुण्याहून भर दुपारी गाडीच्या डिकीतून आली होती. अशा बाटलीला गुण द्यायचे की बाजूला ठेवून दुसरी आणायची? मला बाजूला ठेवणं योग्य वाटतं, बाकी दोघांना नाही.

आणि मधे तोंडात काय टाकता? शेंगाचटणी आम्ही बंद केली, लसूण जिभेवरून हलत नाही. आता पाणी आणि कडक भाकरी. पण तिचीच खरपूस चव स्टाऊटच्या भाजक्या चवीत मिसळते असा मला दाट संशय आहे. साधा पाव बरा का?

पुढची बैठक रविवारी आहे, त्याआधी कुणी अनुभवी सांगेल तर फार बरं होईल.