११ मिनिटांच्या खेळासाठी तीन तास का बसायचं?

पोह्यांवर शेव:

पिट्सबर्गला येऊन सहा वर्षं झाली. सप्टेंबर लागला की इथे रविवारी दुपारी एकला रस्ते ओस पडतात, म्हणून आठवड्याचा किराणा मी तेव्हाच उरकतो. दुकानात मी, दोन आज्या आणि गल्ल्यावरचा वैतागलेला पोरगा. यंदा ठरवलं की हे अमेरिकन फुटबॉलचं प्रकरण एकदा समजून घ्यायचंच. शेजारी एक आजोबा राहतात, सत्तरी ओलांडलेले, जन्म पोलादाच्या कारखान्यात गेलेला. त्यांच्याकडे लागोपाठ चार रविवार जाऊन बसलो. नियम कळले, गोडी लागली नाही. म्हणून हा धागा. भक्तांनी कृपया अंगाला लावून घेऊ नये.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: मैदान १०० यार्डांचं, शिवाय दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन. प्रत्येक बाजूला ११ जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न, म्हणजे डाऊन. चारांत १० यार्ड सरकलात तर नवे चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. टोकाला पोचलात की सहा गुण. बाकीचे नियम पंचांनाही शिट्टी वाजवल्यावरच सुचत असावेत.

आता तक्रार. घड्याळ ६० मिनिटांचं आणि प्रसारण तीन तासांच्या वर. २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने मोजून पाहिलं, तर प्रत्यक्ष खेळ भरला साधारण ११ मिनिटं! मधला गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, सगळे एकमेकांवर आदळतात, पाच सेकंदांत शिट्टी, मग ढिगातून एकेक जण उठतो आणि सगळे घोळका करून कुजबुजायला लागतात. तेवढ्यात पिकअप ट्रकची जाहिरात, मग सांधेदुखीच्या औषधाची. परत आलो की पुन्हा ढीग.

दुसरं म्हणजे यात खेळाडूचं डोकं कुठे आहे? १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, कोच बाहेरून कानात डाव सांगतो. १९९९ च्या विश्वचषकात भारताविरुद्ध हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र लावून उतरला होता आणि बाहेरून बॉब वूल्मर बोलत होते, आठवतंय? ते मधेच काढायला लावलं होतं. इथे तोच उद्योग नियमात बसवलाय.

आजोबा मात्र त्या रिकाम्या वेळातच रंगात येतात. डाव चालू असताना चिडीचूप, शिट्टी वाजली की तोंड सुरू. मांडीवर पिवळा टॉवेल, कडांचे धागे निघालेले, पण त्यावर चिप्सचा कण पडू देत नाहीत. त्या माणसाला तिथे काय दिसतं ते मला दिसत नाहीये. कोणी सांगेल का?

तिसरी चढाई:

शेवसाहेब, तुम्ही क्रिकेटचा चष्मा लावून बसलात ही चूक. कबड्डीचा लावा. चढाई किती सेकंदांची? ३०. दोन चढाया रिकाम्या गेल्या की प्रो कबड्डीत तिसरी 'करो या मरो'. चौथा डाऊन म्हणजे हुबेहूब तेच. आणि कबड्डीतही 'आदळतात आणि ढीग होतो' असं म्हणणारे भेटतात, त्यांना आपण काय म्हणतो?

तुमच्या ११ मिनिटांबद्दल. खेळ उरलेल्या वेळातच असतो हो! तिसरा डाऊन, दोन यार्ड हवेत. सगळ्या मैदानाला ठाऊक आहे की आता धडधाकट गडी चेंडू छातीशी धरून घुसणार. म्हणून बचाववाले आत दाटतात. ते दाटले म्हणून तुम्ही फेकायचं का? आणि तुम्ही फेकाल हे त्यांनी ओळखलं असेल तर? फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, शोधून बघा. सिअॅटल टोकापासून एका यार्डावर, मिनिटाच्या आत सामना संपतोय, हाताशी मार्शॉन लिंचसारखा रेडा. त्यांनी चेंडू फेकला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर नावाच्या नवख्याने मध्ये झडप घालून तो पकडला, २८-२४, खेळ खलास. या पोराला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणी घेतलंही नव्हतं. सरावात हाच डाव त्याच्याविरुद्ध चालला होता आणि तिथे बटलर फसला होता. सामन्यात त्याने रचना ओळखली. डोकं कुठे आहे म्हणता? तिथे होतं.

पोह्यांवर शेव:

बटलरचा किस्सा झकास. पण कबड्डीत चढाई करणारा आत शिरल्यावर स्वतः ठरवतो, बोनस घ्यायचा की कोपरा मारायचा. त्याच्या कानात कोणी बोलत नाही.

तिसरी चढाई:

इथेही डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचं सगळं त्या क्वार्टरबॅकचं. समोरची रचना बघून तो ओरडून डाव बदलतो. ते ओरडणं तुम्ही गोंगाट समजून सोडून देत असणार.

आडवी बॅट:

शेव यांच्याशी १०० टक्के सहमत. पायाने क्वचित मारायचा, हातात धरून पळायचं आणि म्हणे फुटबॉल. जाहिराती दाखवता याव्यात म्हणून काढलेला खेळ आहे हा.

मंगळवारकर:

@आडवी बॅट, जाहिरातींच्या कितीतरी आधीचा आहे. रग्बीच्या पोटातून निघाला, नाव तिकडून आलं. चेंडू पुढच्या दिशेने फेकायची परवानगी १९०६ पासून, तीही नाइलाजाने. त्याआधी नुसती घुसाघुशी होती, कॉलेजची पोरं मैदानात मरत होती. १९०५ मध्ये थिओडोर रूझवेल्टने कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सांगितलं की हे आवरा. बाकी आयपीएलमध्ये अडीच मिनिटांचा 'स्ट्रॅटेजिक टाइम आउट' आपण गुमान बघतो, तेव्हा जाहिरातींवर फार बोलू नये.

नुसतीच वाचक:

एरवी लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. आमच्याकडे हा गोडीचा वाद नाहीये. मुलगा सातवीत आहे, त्याला शाळेच्या टीममध्ये जायचंय. गेले दोन महिने जेवणाच्या टेबलावर हाच विषय.

शेव, तुमच्याच गावची गोष्ट. माइक वेबस्टर, पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे तुमचा तो पायांमधून चेंडू देणारा गडी. चार सुपर बोल जिंकलेला. २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. मधल्या काळात तो ट्रकमध्ये झोपायचा, त्याला धड काही आठवायचं नाही. डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गमध्येच त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार डोकं आदळून होणारा मेंदूचा आजार (सीटीई) सापडल्याचे निष्कर्ष २००५ मध्ये छापले. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी काय केलं? शोधनिबंध मागे घ्या म्हणाले. लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेससमोर खेळाचा आणि या आजाराचा संबंध मान्य केला तो २०१६ मध्ये. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० मध्ये हा आजार निघाला.

डाव कितीही बुद्धीचा असू दे. सेंटरचं डोकं प्रत्येक डावात कुठेतरी आपटतंच ना?

तिसरी चढाई:

ताई, काळजी समजते, पण तो आकडा जपून वापरायला हवा. ते मेंदू घरच्यांनी दान केलेले, म्हणजे ज्यांना आधीच लक्षणं दिसत होती अशांचे जास्त. सगळ्या खेळाडूंमध्ये हेच प्रमाण असेल असा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही. आणि धोका कुठे नाही? फिलिप ह्यूज २०१४ मध्ये क्रिकेट खेळतानाच गेला.

नुसतीच वाचक:

ह्यूजचा अपघात होता. क्रिकेटमध्ये चेंडू मानेवर बसावा म्हणून खेळ मांडलेला नाही. इथे आदळणं हाच खेळ आहे. आणि दान केलेले असोत, १११ घरांमधून कोणाचे तरी नवरे, कोणाचे तरी बाप गेले ना?

मंगळवारकर:

वाचकताई, मुलासाठी फ्लॅग फुटबॉलचा विचार करून बघा. कमरेला फडकी लावतात, ते खेचलं की गडी थांबला. पाडापाडी नाही, डाव सगळे तेच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे. गंमत म्हणजे क्रिकेट आणि फ्लॅग फुटबॉल या दोघांना एकदमच मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये, आणि तीही आपल्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात.

लालबागचा नातू:

तुम्ही सगळे खेळावर भांडताय. शेव, आजोबांच्या मांडीवरचा टॉवेल बघा की.

तो 'टेरिबल टॉवेल'. १९७५ मध्ये मायरन कोप नावाच्या रेडिओ समालोचकाने स्टीलर्ससाठी टॉवेल फडकवायची ही टूम काढली आणि पुढे त्याचे हक्क दिव्यांगांच्या एका शाळेला देऊन टाकले. संघाच्या हेल्मेटवरचं चिन्ह पोलाद उद्योगाचं आहे, तेही फक्त उजव्या बाजूला. हे लोक ज्या कारखान्यांत राबले ते ऐंशीच्या दशकात धडाधड बंद पडले. होमस्टेडचा १९८६ मध्ये गेला. तिथे आता दुकानं आणि सिनेमागृह आहे, जुन्या चिमण्यांची रांग तेवढी ठेवलीय. लोअर परळला फिनिक्सच्या आवारात चिमणी ठेवलीय ना, तसंच.

माझे आजोबा साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. पण चाळीच्या मंडळाचा कबड्डीचा संघ चढाईला उतरला की गॅलरीतून असे ओरडायचे की आजी म्हणायची, पगार तिथूनच मिळतो जणू. मी दोन वर्षं पिट्सबर्गला होतो. स्टीलर्स परगावी खेळले तरी स्टेडियम पिवळं दिसतं, कारण कामासाठी गाव सोडून गेलेले सगळीकडे पसरलेत. विमानतळावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारी स्टीलर्सच्या फ्रँको हॅरिसचा पुतळा आहे, १९७२ मध्ये जमिनीला टेकता टेकता उचललेला तो चेंडू, त्याच वाकलेल्या पवित्र्यात. राष्ट्रपिता आणि धावणारा गडी, एकाच चौथऱ्याच्या तोलाचे. त्या गावाला विचारा, जास्त फोटो कोणाबरोबर काढतात.

आडवी बॅट:

हे वाचून जरा गप्प झालो. तरी ढीग तो ढीगच.

मंगळवारकर:

नातूसाहेब, लिहिलंय सुंदर, पण एक टोचतं. गाव संघाला आपला म्हणतं, पण संघ गावाचा असतो का? १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ मालकाने रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला हलवला, भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखा. सकाळी लोक उठले तर संघ नाही. बारा वर्षांनी त्याच बाल्टिमोरने क्लीव्हलंडचा संघ पळवला. तुमच्या चाळीचं मंडळ कोणी ट्रकमध्ये घालून नेलं असतं का?

लालबागचा नातू:

मंडळ नाही नेलं. चाळ नेली.

तिसरी चढाई:

ग्रीन बे विसरू नका. लाखभर वस्तीचं गाव, संघ लोकांच्या मालकीचा, पाच लाखांवर भागधारक. लाभांश शून्य, शेअर विकताही येत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावतात.

वरची रांग:

मूळ प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. शेव, तुम्हाला दिसत नाही कारण टीव्ही दाखवत नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो. डाव सुरू झाला की चेंडू झेलायला लांब पळणारे रिसीव्हर आणि त्यांना अडवणारे चौकटीबाहेर जातात, म्हणजे अर्धं भांडण पडद्याबाहेर. क्रिकेटमध्ये गोलंदाज मागे चालत जातो तेव्हा पुढचं संकट दिसत असतं. इथे कोच तोंडासमोर कागद धरून बोलतो, ते बघायचं. १९९८ मध्ये पडद्यावर ती पिवळी रेघ आली म्हणून निदान कुठवर पोचायचं ते तरी कळतं.

उपाय स्वस्त आहे. शुक्रवारी रात्री कुठल्याही हायस्कूलचा सामना गाठा आणि सगळ्यात वरच्या रांगेत, मधोमध बसा. चेंडूकडे बघायचं नाही.

पोह्यांवर शेव:

दहा दिवसांनी लिहितोय. गेलो होतो. आजोबांनाही घेऊन गेलो, गुडघ्यांची कुरकुर करत वरच्या रांगेत चढले. थंडी मी म्हणत होती, बँडवाल्या पोरांच्या नाकांतून पाणी.

पहिला अर्धा तास काही नाही. मग चेंडूकडे बघणं सोडलं आणि डाव्या कडेच्या एका किडकिडीत पोराकडे बघत राहिलो. तो प्रत्येक डावात सरळ पळायचा, थांबायचा, परत यायचा. कोणी त्याच्याकडे फेकत नव्हतं. सहा-सात वेळा झालं. त्याच्यावर पहारा देणारा हळूहळू ढिला पडला, टाचांवर उभा राहायला लागला. आठव्या वेळी हा थांबल्यासारखा करून तसाच पुढे सुटला. चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या हातातच होता आणि आमची अख्खी रांग उभी राहिली. मीही. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. पोराने चेंडू टाकला तो भाग वेगळा.

चौथ्या सत्रात मधल्या ढिगातून एक जण उठलाच नाही. साधारण तीन-चार मिनिटं असतील. बँड थांबला, दोन्हीकडचे खेळाडू एक गुडघा टेकून बसले. खालच्या रांगेतली एक बाई पायऱ्या उतरून कुंपणापर्यंत गेली आणि तिथेच जाळी धरून उभी राहिली. पोरगा चालत बाहेर गेला, टाळ्या झाल्या. ती बाई टाळ्या वाजवत नव्हती. वाचकताई, तुमचा प्रतिसाद मला तेव्हा शब्दन् शब्द आठवला.

नुसतीच वाचक:

आमच्याकडे फ्लॅगवर तडजोड झालीय. चिरंजीव तीन दिवस बोलत नव्हते.

तिसरी चढाई:

म्हणजे शेव, त्या पोराची आठवी धाव कळली! आता या रविवारी एक वाजता टीव्हीसमोर?

पोह्यांवर शेव:

नाही हो. रविवारी एकला किराणाच. पुढच्या शुक्रवारी मात्र आजोबांनी आधीच थर्मास भरून ठेवायला सांगितलंय.