गणेशोत्सवात लायसन्सवाल्या स्वयंसेवकांनी पिस्तूल बाळगावं का? (डॅलस परिसर, टेक्सास) सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका छोट्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे. यंदा केटरर ठरायच्या आधीच वाद पेटला तो बंदुकीवरून. आमच्यातल्या काही जणांकडे 'लायसन्स टू कॅरी', म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना, आहे. त्यांचं म्हणणं, आम्ही कमरेला पिस्तूल लावून गर्दीत फिरतो. काही झालंच तर पोलीस येईपर्यंत हातावर हात धरून बसायला नको. मे २०२३ मध्ये ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनिअर होती. आम्ही सगळे तिथेच खरेदीला जातो. तेव्हा त्यांच्या भीतीला मी नावं ठेवत नाही.

त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे इंडियानातला ग्रीनवुड मॉल, जुलै २०२२. बावीस वर्षांच्या पोराने पंधरा सेकंदांत हल्लेखोराला पाडलं. खरं आहे, पण तोवर तिघे गेले होते. दुसरं इथलंच, व्हाइट सेटलमेंटचं चर्च, डिसेंबर २०१९: सहा सेकंदांत, एका गोळीत काम तमाम. मात्र ती झाडणारा माजी राखीव डेप्युटी शेरीफ होता, नेमबाजी शिकवायचा आणि चर्चच्या सुरक्षा पथकात होता. आमचे दादालोक सठीसामाशी रेंजवर जातात, तेही नंतर बार्बेक्यू असला तर.

एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या, लोकांवर अंदाधुंद गोळीबाराच्या १६० घटना तपासल्या. पोलीस नसलेल्या शस्त्रधाऱ्यांशी गोळीबार होऊन हल्ला थांबला अशा ५, आणि त्यातल्या ४ मध्ये ते पगारी किंवा नेमलेले गार्ड. निःशस्त्र लोकांनी झडप घालून थांबवलेल्या २१! जॉन लॉट यांच्यासारखे बंदुकीच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की एफबीआय अशा घटना कमी मोजते. असेलही. पण न्यूयॉर्कच्या पोलिसांचीसुद्धा समोरून गोळ्या येत असताना शंभरातल्या जेमतेम अठरा लागतात, हे रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात आहे. ते तर रोजचे बंदूकवाले.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. जून २०२१ मध्ये कोलोराडोतल्या अरवाडात एका नागरिकाने हल्लेखोराला टिपलं, त्याची रायफल हातात घेतली, आणि तेवढ्यात आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली. आता आमचा हॉल डोळ्यांसमोर आणा. ढोल-ताशा चालू, पहिल्या दोन गोळ्या कोणाला कळणारही नाहीत. मग दिवे, किंकाळ्या, पोरांची शोधाशोध. सगळे सावळे, सगळ्यांच्या अंगात कुर्ते, निम्म्यांना फेटे, आणि त्यातल्या तिघांच्या हातात पिस्तूल. पोलिसाने कोणाला ओळखायचं?

त्यात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचे दोघे फार उत्साहात आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा. हे त्यांना न दुखावता कसं सांगू?

ड्युटीवर नसलेले पोलीस भाड्याने कोणी बोलावलेत का? एक पुरतो की दोन? इन्शुरन्सवाले काय विचारतात?

ह्यूस्टनकर: ताई, तुमचा हॉल शाळेचा आहे का? मग वादच मिटला. टेक्सासमध्ये शाळेच्या लेखी परवानगीशिवाय आत बंदूक नेता येत नाही, लायसन्स असलं तरी. आम्ही गणवेशातला एक पोलीस दारात ठेवतो. मागचं दार आतून उघडतंय ना, हे दर वेळी एकाने जाऊन ढकलून बघायचं. रक्तस्राव थांबवायचं ट्रेनिंग चौघांनी घेतलंय, टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचे पट्टे) प्रसादाच्या टेबलाखाली असतात. व्हिसाचं तुम्ही नका सांगू, वकिलाचं ईमेल फॉरवर्ड करा.

अण्णा_ऑस्टिन: पोलिसांवर एवढा भरवसा? युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात (मे २०२२) ३७६ पोलीस होते. ७७ मिनिटं वर्गाबाहेर. एकोणीस मुलं गेली.

धागाकर्ती: अण्णा, मान्य. ॲलनमध्ये मात्र एकच पोलीस होता, दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेला, आणि साधारण चार मिनिटांत त्याने हल्लेखोराला संपवलं. तरी आठ गेलेच. ह्यूस्टनकर, हॉल शाळेचाच आहे, शाळेला उद्या ईमेल करते. तुमचा पोलीस तासाला किती घेतो आणि किमान किती तासांचे पैसे लावतो, तेवढं सांगा. खजिनदार तोच प्रश्न पहिला विचारणार.