दहा नावांत लपलेली सुवार्ता? उत्पत्ती ५ वरून पुन्हा तोच वाद

नगरचा वाचक
परवा इथे एकाने टाकलेली पोस्ट वाचून डोकं तापलंय, तिथेच खाली लिहिलं तर वाहून जाईल म्हणून वेगळा धागा काढतोय. पोस्टमध्ये होतं काय, तर बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, म्हणजे उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायातली आदाम, शेथ, अनोश, केनान, महललेल, यारेद, हनोख, मथुशलह, लामेख, नोहा ही दहा नावं घ्यायची, प्रत्येकाचा अर्थ लावायचा आणि सलग वाचायचं. मग म्हणे वाक्य निघतं, की माणसाच्या वाट्याला मर्त्य दुःख आलं, पण धन्य देव खाली उतरून शिकवील आणि त्याचा मृत्यू हताश लोकांना विसावा देईल. म्हणजे अख्खी सुवार्ता, येशूच्या मृत्यूने तारण मिळतं हा ख्रिस्ती संदेश, वंशावळीत लपवून ठेवलेली. खाली नुसती आमेनची रांग.

अहो पण हे अर्थ आणले कुठून? आदाम म्हणजे माणूस, अनोश म्हणजे मर्त्य माणूस, इथवर काही तक्रार नाही. शेथचं 'नेमलेला' हेही मान्य, हव्वाच तसं म्हणते. पण केनान म्हणजे दुःख? हिब्रूत विलापगीताला कीना म्हणतात, तेवढ्यावरून. मग काईनाचं नावही त्याच अक्षरांचं आहे की, आणि तिथे हव्वा म्हणते मला पुरुषसंतान मिळालं. एकाच अक्षरांतून एकदा 'मिळालेला' आणि एकदा 'दुःख', हे ठरवणारे आपण कोण? मथुशलहच्या बाबतीत तर कहर आहे. 'मत' म्हणजे पुरुष आणि 'शलह' म्हणजे फेकून मारायचं शस्त्र, भाला समजा. त्याचं 'त्याचा मृत्यू आणील' करायला किती ओढाताण करावी लागते बघा. लामेखचा अर्थ तर अभ्यासकांत आजही ठरलेला नाही. आणि 'पण'सारखं जोडकाम आपल्या पदरचं.

हीच रीत एक पान मागे लावा. चौथ्या अध्यायात काईनाची वंशावळ आहे: हनोख, ईराद, महूयाएल, मथुशाएल, लामेख. दोन नावं तीच, दोन जवळपास तीच. तिथून कुठली सुवार्ता निघते ते जोडून दाखवा, मी धागा बंद करतो.

संडे स्कूलवाली ताई
भाऊ, आमेन म्हणणाऱ्यांत मीही होते आणि मी काही अडाणी नाही. मथुशलहचं वय घ्या. १८७ व्या वर्षी त्याला लामेख झाला, लामेखाला १८२ व्या वर्षी नोहा झाला, नोहाच्या ६०० व्या वर्षी जलप्रलय आला. बेरीज करा, ९६९. आणि मथुशलह जगला किती? ९६९. तो गेला त्याच वर्षी पाणी आलं. आता सांगा, 'त्याचा मृत्यू आणील' हे नाव उगाच आहे? मी हे वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मुलं स्वतः बेरीज करतात आणि वर्गात एकदम शांतता पसरते. पोरांना वचनाची गोडी लागते त्यातून. तुमच्या शब्दकोशाने लागत नाही.

नगरचा वाचक
ताई, बेरीज बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण ती हिब्रू पाठाची बेरीज आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या बऱ्याच हस्तलिखितांत मथुशलह १६७ आणि लामेख १८८ आहे, म्हणजे जलप्रलय येतो ९५५ व्या वर्षी आणि मथुशलह पुढे १४ वर्षं जगतो, तारवात नसताना. जेरोम आणि ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती पंडितांना, दोघांनाही, हा प्रश्न सोडवत बसावं लागलं. शोमरोनी लोकांनी जपलेल्या हिब्रू पाठात तर यारेद, मथुशलह आणि लामेख तिघेही जलप्रलयाच्याच वर्षी मरतात. मग यारेदाच्या नावातही मृत्यू शोधायचा का? आकडे कुणीतरी विचार करून बसवलेत हे दिसतंच, पण त्याचा नावाच्या अर्थाशी संबंध जोडता येत नाही.

संडे स्कूलवाली ताई
झालं, आता ग्रीक आणि शोमरोनी. वचन वाचायला बसलं की दहा हस्तलिखितं पुढे करायची ही आजकालची फॅशनच झालीये, आमच्या मंडळीतही सेमिनरीतून शिकून आलेली मुलं हेच करतात आणि म्हाताऱ्या माणसांचा विश्वास डळमळतो, त्याची जबाबदारी कोण घेणार? आणि तुम्ही म्हणता शब्दकोशाबाहेर जायचं नाही, तर लामेख स्वतःच गेलाय. नोहाचं नाव ठेवताना तो म्हणतो हा आमचं सांत्वन करील. सांत्वनाचा धातू नाहम, आणि नोहा हे नाव 'विसावा'वाल्या धातूचं. पवित्र शास्त्रच नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावरून अर्थ सांगतंय, तर आम्ही केलं की चूक?

अलिबागची लेक
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी घरातली, म्हणून मध्ये पडते. ताईंचा नोहाचा मुद्दा पक्का आहे आणि तो फार जुना आहे. आमच्या बरेशीत रब्बा या मिद्राशमध्ये, म्हणजे उत्पत्तीवरच्या जुन्या टीकाग्रंथात, रब्बींनी म्हणजे आमच्या धर्मपंडितांनी हीच शंका काढलीये, की नाव आणि दिलेलं कारण जुळत नाही, एक तर त्याला नोहा म्हणायचं नाहीतर नहमान. म्हणजे त्यांना धातू कळत होते, आणि ते कळूनही ते पुढे अर्थ लावत राहिले. रूथच्या गोष्टीत अर्पा सासूकडे पाठ फिरवून गेली, म्हणून तिचं नाव 'ओरेफ' म्हणजे मानेचा मागचा भाग यावरून लावतात. सासूचे मुलगे महलोन आणि खिल्योन, आजार आणि ऱ्हास, दोघेही मरतात. सासू नामी स्वतः म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार कडू दिवस दाखवलेत.

पण अशा शोधून लावलेल्या अर्थाला आमच्यात द्राश म्हणतात. साधा सरळ अर्थ तो पशात, तो पुसून टाकायचा नाही, त्याच्या शेजारी द्राश बसतो. माझी आजी मलिद्याच्या विधीच्या वेळी, पोहे गूळ खोबरं कालवताना, एलियाहू या संदेष्ट्याच्या नावाचा अर्थ सांगायची, 'याह हाच माझा देव', आणि कार्मेल डोंगरावरची गोष्ट ऐकवायची जिथे लोक शेवटी तेच ओरडतात. तिथे नाव आणि गोष्ट एकमेकांना धरून आहेत. दहा नावांचं वाक्य करून त्यात दुसऱ्या धर्माचा सिद्धांत भरणं हे मला, खरं सांगते, दुखावणारं वाटतं. पुस्तक आमचंही आहे.

मूळशोधक
एवढी चर्चा आणि मुख्य गोष्ट कुणीच बोलत नाही. अब्राहम म्हणजे ब्रह्म, सारा म्हणजे सरस्वती. सगळी नावं इथूनच गेलीत, हिब्रू धातू शोधत कशाला बसता?

लिपीवाला
आलं हे पण. दर धाग्यावर येतं आणि दर वेळी उत्तर द्यावं लागतं. अब्राहामाचं नाव आधी अब्राम होतं. ज्या 'ह'वर तुमचं ब्रह्म उभं आहे तो 'ह' गोष्टीत तो ९९ वर्षांचा असताना, उत्पत्ती १७ मध्ये येतो. 'अब' म्हणजे बाप, हे हिब्रू, अरबी, अरामी सगळीकडे आहे. सारा आधी साराय होती, आणि तिचा 'सार' म्हणजे सरदार, अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेत राजाला शर्रू म्हणतात. सरस्वतीचं सरस् म्हणजे पाणी, तळं. उच्चार जुळला की नातं जुळलं असं होत नाही.

आणि हा सगळा घोळ देवनागरीमुळे जास्त होतो. हिब्रूत 'क'ची दोन अक्षरं आहेत, काफ आणि कोफ. मराठीत दोन्ही क. म्हणून मागे इथे एकाने केनान म्हणजेच कनान देश असं ठोकून दिलं होतं. केनान कोफने, कनान काफने, वर कनानमध्ये आयिन हे आणखी एक अक्षर आहे जे आपल्याकडे उमटतच नाही. मराठी बायबलवरून नावांचे अर्थ काढणाऱ्यांनी आधी अक्षरं तरी बघावीत. पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू शिकल्या, मुळावरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्या १९२२ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये निघालं. तेवढे कष्ट नका करू, पण बावीस अक्षरं एका आठवड्यात येतात.

मूळशोधक
तुम्हाला परकीय पंडितांचं खरं वाटतं, आपलं नाही. यास्काचं निरुक्त, वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा ग्रंथ, वाचलंय का? प्रत्येक नाम धातूपासून आलं असं आपल्याकडे केव्हाच सिद्ध झालंय.

लिपीवाला
वाचलंय, आणि तुम्ही अर्धंच सांगताय. सगळी नामं धातूंपासून आली हे शाकटायन या वैयाकरणाचं मत. गार्ग्याने आणि काही वैयाकरणांनी ते नाकारलं, आणि त्यांचे आक्षेप यास्काने स्वतः मांडलेत. विरोधकाचं म्हणणं आधी नीट लिहायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही आपली परंपरा. ती पाळायची असेल तर अब्रामचं उत्तर द्या.

मूळशोधक
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

याकोबचा बाप
माफ करा, तुमच्या मोठ्या चर्चेत माझं घरगुती आहे. मुलाचं नाव आजोबांवरून याकोब ठेवलं. शाळेत जायला लागल्यावर आमच्या पास्टरांनी, नाव घेत नाही, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं की याकोब म्हणजे फसवणारा, नाव बदला नाहीतर तो स्वभाव मुलात उतरेल. बायको रडली. मुलगा तेव्हापासून विचारतो, मी फसवतो का? त्याने खोटं बोललं की शेजारचा चुलतभाऊ हेच ऐकवतो. हे नावांच्या अर्थाचं वेड इथपर्यंत येतं, म्हणून मला नगरच्या वाचकांचा राग पटतो.

संडे स्कूलवाली ताई
हे वाचून वाईट वाटलं. पास्टरांनी असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तरी 'फसवणारा' हा अर्थ त्यांनी घरी बसून बनवलेला नाही, उत्पत्ती २७ मध्ये एसाव तेच म्हणतो, याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, याने मला दोनदा फसवलं.

नगरचा वाचक
एसाव म्हणतो, ताई. आशीर्वाद हातचा गेलेला भाऊ रागाच्या भरात म्हणतो. जन्माच्या वेळी कारण वेगळं आहे, तो भावाची टाच धरून बाहेर आला, आणि टाचेला हिब्रूत अकेव म्हणतात. शिवाय याच धातूची 'देव रक्षण करो' अशा अर्थाची नावं त्या काळी आसपासच्या मुलखात होती, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे एका नावाला तीन अर्थ, त्यातला नेमका शिवीसारखा अर्थ उचलून एका पोराच्या कपाळावर मारायचा. मला राग याचाच येतो. दहा नावांचं वाक्य करणारे आणि हे पास्टर एकच काम करतात, गोष्ट बाजूला सारून नुसता अर्थ उचलतात.

जिथे मजकूर स्वतः बोलतो तिथे मी हात जोडून ऐकतो. नाबाल म्हणजे मूर्ख; त्या नाबालाची बायको अबीगईल दाविदाला सांगते, जसं याचं नाव तसाच हा आहे, मूर्खपणा याच्याजवळ आहे. होशेय संदेष्ट्याच्या लेकीचं नाव लो-रुहामा, जिच्यावर दया नाही, आणि पुढे देव तेच नाव उलटवतो. तिथे मला शब्दकोश लागत नाही.

अलिबागची लेक
याकोबच्या बाबांना एक सांगते. अब्रामचा अब्राहाम झाल्यावर तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, त्याला पुन्हा अब्राम म्हणत नाहीत. याकोबला यब्बोक नदीच्या काठी इस्राएल नाव मिळतं, तरी पुढे त्याला कितीतरी वेळा याकोबच म्हटलंय, मिसरला निघताना देवही 'याकोबा, याकोबा' अशीच हाक मारतो. उत्पत्ती ४६ उघडा आणि मुलाला वाचून दाखवा.

संडे स्कूलवाली ताई
हे मात्र मी पुढच्या रविवारी घेणार. मथुशलहची बेरीजही घेणारच, ती मी सोडत नाही. पण लामेख म्हणजे हताश हे कुठून आलं ते मलाही सापडलं नाही, तेवढं गाळते.