पाय बांधू नका, तिला दुखतंय

ताई, गाय व्यायल्याला चार दिवस झाले तरी कासेला हात लावू देत नाही म्हणता, आणि वर कुणीतरी मागचे पाय बांधायला सांगितलंय. कृपा करून बांधू नका. ती खोडसाळ नाही, तिला दुखतंय.

आमचा गोठा ठाण्यातच, येऊरला. आमची तांबडी पहिल्यांदा व्याली तेव्हा कास इतकी सुजली होती की बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आई कोमट पाण्यात फडकं पिळून हळूहळू शेकायची, कास कोरडी पुसायची, मग वासराला चारही सडांना लावायची. वासराने ढुशा दिल्या की सड टचटचीत भरतात. तो पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार उरकायची. अंगठा मुडपून सड ओढू नका; पूर्ण मुठीत धरून वरून खाली दाबत या. दिवसातून तीनदा थोडं थोडं काढलंत तर ताण लवकर उतरेल.

पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्या. गुठळ्या दिसल्या किंवा कासेचा एकच भाग गरम लागला तर कासदाहाची, म्हणजे जंतू शिरून कासेला येणाऱ्या सुजेची, शंका धरा, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. कान गार पडले, गाय थरथरली, उठेनाशी झाली तर कॅल्शियम घटलंय. तेव्हा सकाळची वाट बघू नका, जीव जातो.

धार झाल्यावर लगेच पुढ्यात वैरण टाका. सडांची तोंडं अर्धा तास तरी उघडी असतात, तोवर ती शेणात बसता कामा नये.